नकाशात आमची वस्ती कोठे आहे?

हवामानबदलाचा तडाखा कोणत्या प्रदेशाला सर्वाधिक बसतो, हा प्रश्न आज दिल्लीपासून जिनिव्हापर्यंत विचारला जातो. तो रास्तच आहे. कारण ज्याचे नाव यादीत वर, त्याच्याकडे निधीचा ओघ. म्हणूनच ही मोजपट्टी कोणाला मोजते, हे तपासणे आपले काम आहे.

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये आला. त्यात झारखंड, मिझोराम, ओडिशा, छत्तीसगड, आसाम, बिहार, अरुणाचल प्रदेश व पश्चिम बंगाल ही आठ राज्ये सर्वाधिक असुरक्षित ठरली. महाराष्ट्र कमी असुरक्षित गटात गेला. हा क्रम तुलनात्मक आहे, असे अहवालकर्ते स्वतःच सांगतात. जिल्हावार यादीही देतात. तरीही २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणून ज्या लातूरची तहान भागवावी लागली, ते लातूर याच महाराष्ट्रात आहे. मुंबई-पुण्याच्या सोयी सरासरीत मिसळल्या की मराठवाड्याची कोरड दिसेनाशी होते.

पण माझा आक्षेप केवळ प्रादेशिक नाही. राज्यांसाठी वापरलेल्या १४ निर्देशकांत दारिद्र्य आहे, कोरडवाहू शेती आहे, लहान व सीमांत धारणक्षेत्राचे प्रमाणही आहे. जात मात्र नाही. ज्याला एकरभर जमीन आहे तो धारणक्षेत्राच्या आकड्यात येतो; ज्याला गुंठाही नाही तो त्या आकड्याबाहेरच राहतो. आमच्या घरात सात-बाराचा उतारा कधी आलाच नाही. अशा घराचा दुष्काळ कोणत्या रकान्यात लिहायचा?

हे नवे नाही. आणेवारी-पैसेवारी पिकाची होते. पीक पन्नास पैशांच्या आत आले की टंचाई. ज्याचे पीकच नाही त्याची पैसेवारी कोण काढणार? पाऊस हुकला की त्याची खुरपणी जाते, काढणी जाते, आणि तो कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये याच मराठवाड्यात अतिवृष्टीने शेते वाहून गेली. पिकाची मदत हेक्टरी हिशेबाने मिळते. बुडालेल्या मजुरीला हेक्टर नसतो. गायरान कसणाऱ्याच्या नावावर उतारा नसतो, म्हणून त्याचे बुडालेले पीकही कागदावर येणे कठीण. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी १९६४ मध्ये सत्याग्रह केला, त्यातला जमिनीचा प्रश्न आता हवामानाचाही प्रश्न झाला आहे.

मग मोजायचे कसे? १९७२ च्या दुष्काळाने त्याचे एक उत्तर दिले होते. रोजगार हमीने जमीन किती, हे विचारले नाही. काम मागणारे हात किती, हे विचारले. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी' या १९७९ च्या आत्मकथनात मराठवाड्यातील उपासमारीची नोंद आहे, ती कोणत्याही निर्देशांकात बसणारी नाही. दलित आत्मकथनांना 'व्यथेचे साहित्य' म्हणून बाजूला सारणाऱ्या समीक्षकांनी हेही ध्यानात घ्यावे की तो या प्रदेशाचा पुरावा आहे.

तेव्हा आपली मागणी स्पष्ट असावी. मोजणी जिल्ह्यावर किंवा तालुक्यावर थांबू नये, वस्तीपर्यंत यावी. भूमिहीन कुटुंबे किती, गायरान कसणारे किती, हंगामात उचल घेऊन गाव सोडणारे किती, पाणी किती अंतरावर आणि कोणाच्या विहिरीत, हे रकाने त्यात हवेत. आपले विद्यार्थी आपापल्या गावी ही नोंद आजपासून करू शकतात. शासन मोजील तेव्हा मोजील. आपली वही तयार असली पाहिजे.