काव : देवळातील आणि दिवाणखान्यातील

रंगांच्या जगातही उच्चनीच भाव असतो आणि तो पिढीगणिक पालटतो, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी गोमंतकातील घरांच्या भिंती आणि जमिनी पाहाव्यात. आमच्या लहानपणी तांबडी जमीन ही घराच्या प्रतिष्ठेची खूण होती. आम्ही वयात आलो तेव्हा ती दारिद्र्याची खूण झाली. आता आमचे केस पिकल्यावर पर्वरीच्या एका नव्या सदनिकेत आम्हांस मोठ्या अभिमानाने एक भिंत दाखविण्यात आली. ती अथपासून इतिपर्यंत गर्द तांबडी होती आणि तिच्यावर पांढऱ्या रेघांची कमळे उमटविलेली होती. "ही काव," यजमान म्हणाले. आम्ही मान डोलावली. कारण चहा पुढ्यात आला होता आणि वाद घालण्याची ती वेळ नव्हती. तो वाद आता येथे घालीत आहोत.

प्रथम काव म्हणजे काय ते पाहू. ती माती आहे. लोखंडाच्या गंजाने रंगलेली माती. ज्या जांभ्याच्या चिऱ्यांनी आपली घरे उभी राहिली, त्या जांभ्याचा तांबूसपणाही याच गंजाचा. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन याने मलबारातील हा दगड पाहून त्याला 'लॅटराइट' हे नाव दिले. त्याच्या आधी कित्येक शतके आमचे गवंडी तो कुऱ्हाडीने तासून भिंती चढवीत होते. कावेला आपल्याकडे हिरमजी असेही म्हणतात. या शब्दात इराणच्या आखातातील होर्मुझ बेट दडलेले आहे. त्या बेटावर तांबड्या मातीचे डोंगर आहेत, आणि १५१५ पासून १६२२ पर्यंत ते बेट ज्या पोर्तुगीजांच्या ताब्यात होते त्यांचेच राज्य गोव्यावरही होते. एका मातीच्या नावात केवढा समुद्र मावतो!

या मातीचा एक गुण रंगाऱ्याच्या दृष्टीने अमोल आहे. चुना हा तीव्र क्षार. त्याच्या संगतीत पुष्कळ रंग नासतात. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये निघालेला प्रसिद्ध निळा रंग चुन्यात घातला तर त्याचे तेज उडून मळकट डाग उरतात. लोखंडाच्या गंजाला मात्र ना चुन्याचे भय ना उन्हाचे. म्हणून चुना आणि काव यांचा संसार टिकला.

त्या संसाराचे सर्वांत सुंदर अपत्य म्हणजे देवळांच्या भिंतींवरील कावकाम. पेडणे तालुक्यात मोरजीस श्रीमोरजाईच्या देवळात ते पाहावयास मिळते. दक्षिणेस कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यापर्यंत आणि उत्तरेस सावंतवाडीच्या बाजूस त्याचे नमुने विखुरलेले आहेत. होन्नावरचे कृष्णानंद कामत (१९३४-२००२) यांनी ते गावोगाव हिंडून टिपले नसते, तर त्यातले पुष्कळसे आज कोणाला ठाऊकही नसते. ही चित्रे कुंचल्याने काढलेली नव्हेत. भिंतीवर आधी पांढऱ्या चुन्याचा गिलावा होई. त्यावर कावमिश्रित चुन्याचा पातळ थर चढे. तो ओला असतानाच घोटून गुळगुळीत केला जाई आणि मग लोखंडी अणकुचीदार हत्याराने नको असलेला तांबडा भाग खरवडून काढीत. खालचा पांढरा दिसू लागे आणि चित्र उमटे. म्हणजे येथे कलावंत रंग लावीत नाही, तो रंग काढून घेतो. थर वाळला की हात थांबलाच पाहिजे. चूक पुसण्याची सोय नाही. रंग दोनच, वेळ थोडा, आणि माफी नाही. या शिस्तीतून त्या वेलबुट्ट्यांची ती ताठ, निःशंक रेषा आलेली आहे. ती रेषा हाताच्या घाईतून जन्मलेली आहे, हे ध्यानात ठेवावे; पुढे त्याचे काम पडेल.

घरात कावेची जागा याहून साधी, पण तितकीच विचारपूर्वक ठरलेली होती. भिंत पांढऱ्या चुन्याची आणि तिच्या पायाशी गुडघाभर उंचीचा कावेचा पट्टा. चतुर्थीपूर्वी घर रंगविताना हा पट्टा नव्याने ओढीत. तुळशीवृंदावनालाही तोच हात फिरे. हे नुसते अलंकरण नव्हते. आमच्याकडे पावसाची धार पागोळ्यांतून अंगणात पडते आणि तांबड्या मातीचे शिंतोडे भिंतीच्या पायाशी उडतात. पांढरी भिंत एका मृगातच मळकी दिसावयाची. कावेच्या पट्ट्यावर मात्र तो चिखल दिसत नाही, कारण दोघांची जात एकच. पुढे सिमेंट आले आणि तांबडी पूड घालून लोखंडी थापीने घोटलेली जमीन घराघरांत शिरली. तिचेही स्थान पायाखालीच. वर मंगलोरी कौलांचा तांबडा, खाली जमिनीचा तांबडा, मध्ये चुन्याचा पांढरा आणि खिडकीबाहेर पावसाळी हिरवा. जुन्या घरात काव कधी डोळ्यांसमोर येऊन उभी राहत नसे. ती खाली बसे, घरातल्या वडीलधाऱ्या बाईसारखी, आणि तिच्यामुळे वरचा पांढरा अधिक पांढरा दिसे.

मग ती नावडती का झाली? याचे एक कारण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तांबड्या जमिनीत दोष होते. तिच्यावर केसासारख्या भेगा जात. कोकमाचे आगळ किंवा लिंबाचा रस सांडला तर डाग पडे. ओल चढली की पांढरे क्षार फुटून ती कोड आल्यासारखी दिसे. ती करावयास हात कसबी लागे, नंतर कित्येक दिवस पाणी धरून ठेवावे लागे, आणि तिची चमक टिकविण्यासाठी आमची आजी खोबरेलाचा बोळा घेऊन तासन् तास ओणवी होई. मोझेकच्या फरशीने बायकांच्या कमरेची ही शिक्षा संपविली, हे विसरून जुन्याचे गोडवे गाणे बरे नव्हे. दुसरे कारण मात्र निव्वळ लोकलाजेचे होते. शाळा, कचेरी, सरकारी दवाखाना, सगळीकडे तीच तांबडी जमीन. तेव्हा घरी ती कशाला, असे वाटू लागले. मुलगी दाखवावयाची तर वरपक्षाने जमिनीवरून घराचा अंदाज बांधू नये, एवढ्यासाठी फोंडा महालातल्या आमच्या घरातील तांबडी जमीन फरशीखाली गेली.

घराचे ठीक आहे; घर आपले असते. देवळाचे काय? आमच्या कुलदेवतेच्या सभामंडपात दोन भिंतींवर कावकाम होते. जीर्णोद्धाराचा विषय महाजनांच्या सभेत निघाला, तेव्हा कोणी म्हणाले की त्या भिंती मळकट दिसतात, बाहेरगावचे भक्त येतात, चकचकीत फरशी लावावी, धुता येईल. ठराव एकमताने संमत झाला. हात वर करणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. गवंड्यांनी फरशी धरावी म्हणून भिंतीला टाचे मारले, आणि ज्या रेषा कोणी अनाम कारागिराने ओला चुना वाळण्याच्या आत काढल्या होत्या त्या दोन दिवसांत भुगा होऊन अंगणात पडल्या. त्या वेळी आम्हांस काही विशेष वाटले नाही. ते वाटावयास वीस वर्षे लागली.

आता पर्वरीच्या त्या भिंतीकडे वळू. कावेचे पुनरागमन आम्हांस अप्रिय नाही. पण जे परत आले ते काय आहे? संपूर्ण भिंत डोळ्यांच्या पातळीवर तांबडी, तीही डब्यातल्या प्लॅस्टिक रंगाची, जिच्यावर विजेचे दिवे चकाकतात. चुन्यातली काव प्रकाश पिऊन टाकते, तर ही तो अंगावर फेकते. आणि कमळे? ती कागदी साच्यावरून छापलेली. प्रत्येक पाकळी दुसरीची जुळी. ज्या रेषेचे सारे सौंदर्य माफी नसलेल्या घाईत होते, ती येथे सावकाश, सुरक्षितपणे, हवी तितक्या वेळा उमटते. यजमानांनी काव घेतली नाही. कावेचे चित्र घेतले. छायाचित्रात दोन्ही सारखीच दिसतात, हे आम्हांस मान्य आहे. पण घरात माणसे राहतात, छायाचित्रे नव्हेत.

असेच दैव दूर स्वीडन देशातील एका तांबड्याचेही झाले होते. फालुन येथील तांब्याच्या खाणीतील टाकाऊ मातीपासून तेथील लोक लाकडी घरांना लावावयाचा रंग करीत. एकोणिसाव्या शतकात शहरांतली घरे फिकट पिवळी-पांढरी झाली आणि तांबडा खेड्यापाड्यांत उरला. पण तो मेला नाही. १९९२ साली खाण बंद पडली तरी तिच्याच मातीचा रंग आजही तयार होतो. राईचे पीठ आणि जवसाचे तेल घालून शिजविण्याची जुनी रीतही टिकली आहे. तेथे रंगाबरोबर कृती जगली. आमच्याकडे छटा तेवढी जगते आणि कृती मरते.

सर्वत्र असेच आहे असे मात्र नाही. आमच्या भाच्याने गेल्या वर्षी आमच्याच घरातील फरशी बदलावयास काढली, आणि एका कोपऱ्यात आजीची तांबडी जमीन निघाली. "मामा, ही मोडूं नाकात," तो म्हणाला. आम्हांस वाटले, यालाही नव्या वाऱ्याची बाधा झाली. पण त्याने ती तासून नवी करण्याचा घाट घातला नाही. भेगा आहेत तशा ठेवल्या, फरशीच्या सिमेंटचे डाग निघाले तेवढे काढले, नसलेल्या जागी एका वृद्ध गवंड्याकडून नवी जमीन घोटून घेतली आणि भिंती पांढऱ्या ठेवल्या. नव्या-जुन्याचा सांधा स्पष्ट दिसतो. सून म्हणते, तेथे एक चटई टाकू. आम्ही म्हटले, नको.

त्या गवंड्याला आम्ही देवळात नेले. अग्रशाळेच्या मागील भिंतीवर, जेथे जीर्णोद्धाराचे पैसे पुरले नाहीत, तेथे हात-दीड हात कावकाम अद्याप उरले आहे : एक अर्धे कमळ आणि एका पक्ष्याची मान. त्याने त्यावरून नख फिरविले, चुना अजून घट्ट आहे असे सांगितले, आणि खालून ओल येते ती आधी थांबवा, म्हणाला. महाजनांच्या येत्या सभेपुढे त्या भिंतीला तैलरंग देण्याची सूचना आहे. आम्ही तिच्याविरुद्ध लेखी अर्ज दिला असून या वेळी हात खाली ठेवणार आहोत.