घासणीतले जंतू आणि बातमीतला आकडा

घरातल्या वस्तूंवर किती जंतू असतात हे सांगणाऱ्या बातम्यांत एक तुलना ठरलेली असते : 'संडासाच्या सीटपेक्षाही अधिक'. शाळेतल्या आरोग्याच्या तक्त्यांवरही ती सहज उतरते. म्हणून तिची तपासणी करणे आम्हांला आवश्यक वाटते.

भांडी घासायच्या स्पंजाचेच उदाहरण घेऊ. जर्मनीतील फिलिंगेन-श्वेनिंगेन येथील घरांतले वापरलेले १४ स्पंज तपासून संशोधकांनी २०१७ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. स्पंजात काही ठिकाणी एका घन सेंटिमीटरला ५४०० कोटींपर्यंत जिवाणू आढळले. सर्वाधिक आढळलेल्या दहा प्रकारांपैकी पाच प्रकार रोगकारक ठरू शकणाऱ्या जिवाणूंचे निकटचे नातलग होते. संशोधन मोलाचे आहे; पण बातम्यांतून लोकांपर्यंत पोचला तो मुख्यतः आकडा, आणि त्याच्यासोबत भीती.

पहिला दोष तुलनेतच आहे. संडासाची सीट गुळगुळीत व बहुधा कोरडी असते, त्यामुळे तिच्यावर जिवाणू फारसे वाढत नाहीत. तिच्यापुढे घरातल्या अनेक वस्तू घाणेरड्या ठरतील. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणावी, तसा हा प्रकार!

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. जंतूंची संख्या म्हणजे धोका नव्हे. एक ग्रॅम ताज्या दह्यात कोट्यवधी जिवाणू असतात आणि ते आपण आवडीने खातो. उलट, आमांशाला कारण होणाऱ्या शिगेला जिवाणूच्या शंभरएक पेशीही माणसाला आजारी पाडू शकतात. तेव्हा कोणता जंतू, किती प्रमाणात, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या शरीरात गेला, हे विचारल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

'स्पंज स्वच्छ करून उपयोगच नाही' हा निष्कर्षही घाईचा आहे. नियमित निर्जंतुक केलेल्या स्पंजांत जिवाणू कमी नव्हते हे खरे. पण 'नियमित' हे वापरणाऱ्यांनी सांगितलेले होते. शिवाय नुसत्या डीएनएवरून जिवाणू जिवंत की मृत हे ठरत नाही. उकळल्याने जिवाणू मरतात. अडचण आहे ती उरलेल्यांची. हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. दहा लाख जिवाणूंपैकी ९९.९ टक्के मेले तरी हजार उरतात. अनुकूल परिस्थितीत संख्या वीस मिनिटांना दुप्पट होते असे धरले, तर दहा दुपटींत, म्हणजे तीन तास वीस मिनिटांत, हजाराचे पुन्हा दहा लाख होतात. जाहिरातींतले '९९.९ टक्के' ही पुढची गोष्ट सांगत नाही.

ही अनुकूल परिस्थिती म्हणजे ओलावा, ऊब आणि अडकलेले अन्नकण. महागडी द्रावणे घेण्याआधी घासणी आणि ओटा पुसायचे फडके धुऊन, पिळून उन्हात वाळवावे. कच्च्या मांसमासळीचे फडके वेगळे ठेवावे. स्पंज वारंवार बदलावा. त्या संशोधकांनी आठवड्याला बदलण्याचे सुचवले होते. घरात तान्हे मूल, वृद्ध वा रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेला रुग्ण असेल तर ही काळजी अधिक घ्यावी.

विद्यार्थ्यांकडून एक साधा प्रयोग करून घेता येईल. वापरलेल्या फडक्याचे दोन तुकडे करावेत. एक ओलाच पिशवीत बांधून ठेवावा, दुसरा उन्हात वाळवावा. दोन दिवसांनी पिशवीतल्या फडक्याला येणारा कुबट वास जिवाणूंच्या वाढीतून येतो. तसा वास निर्माण करणारा 'मोराक्सेला ऑस्लोएन्सिस' हा जिवाणू त्या जर्मन स्पंजांतही होता.

भीतीपोटी मुलांच्या हाती पडते ती जंतुनाशकाची बाटली. कारण समजले, तर फडके दोरीवर वाळत घालायला त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.