गोमुखाच्या वरचे पाणी

क्षेत्र महाबळेश्वरातल्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे प्रवाह एका ओळीत दाखवले जातात. पुढे ते एकत्र होऊन दगडी गोमुखातून कुंडात पडतात. भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी प्रकट होते अशी श्रद्धा आहे. एका गोमुखात सात नद्या गोळा करणारी ही कल्पना मोठी देखणी आहे. मात्र नदी त्या गोमुखात सुरू होत नाही. ती सुरू होते त्याच्या वर आणि सभोवती पसरलेल्या पठारावर.

हे पठार जांभ्याचे आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर सच्छिद्र जांभ्याची टोपी बसली आहे आणि दोहोंच्या मध्ये चिकणमातीचे थर आहेत. जून ते सप्टेंबर पडणारे पाणी जांभ्यातून खाली मुरते, चिकणमातीशी अडते, आडवे सरकते आणि जिथे कडा उघडा पडतो तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. पावसाळा सरल्यावर नद्यांच्या उगमाशी जे पाणी दिसते, ते बहुतांशी असे मुरलेले, उशिरा परत आलेले पाणी असते. म्हणजे उगम ही एक जागा नसून एक क्षेत्र आहे. त्या क्षेत्रावर आज हॉटेले, बंगले, वाहनतळ आणि रस्ते उभे राहत आहेत.

या लेखाचा विषय तेवढ्यापुरता आहे: नवे बांधकाम झाले की तिथल्या पावसाच्या पाण्याचे काय होते, आणि आपले कायदे त्या पाण्याकडे कसे पाहतात. माझे म्हणणे असे की आपले कायदेही गोमुखाशी उभे राहूनच नदीकडे पाहतात. त्यांना नळाचे तोंड दिसते, उतार दिसत नाही.

आधी थोडे गणित. महाबळेश्वरात वर्षाला सुमारे साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. काही वर्षी त्याहून पुष्कळ अधिक. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. त्यावर साडेपाच मीटर पाणी म्हणजे साडेपाच लाख लिटर. दहा हजार लिटरचे ५५ टँकर, एका गुंठ्यावर, एका पावसाळ्यात. २३ जुलै २०२१ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरात ५९४.४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या एका दिवसात गुंठ्यावर सहा टँकर ओतले गेले. गुंठा झाडीचा असेल तर पालापाचोळा, मुळे आणि जांभा यांत त्यातले बरेच पाणी थांबते. त्यावर स्लॅब किंवा फरसबंदी आली की जवळजवळ सगळे पाणी लगोलग वाहून जाते. अभियांत्रिकीच्या पुस्तकात याला ‘अपधाव’ म्हणतात. शब्द रूक्ष असला तरी त्यातले ‘धाव’ अगदी नेमके आहे.

हे धावते पाणी रिकाम्या हाताने जात नाही. वाहनतळावर सांडलेले तेल, टायरची भुकटी, खरकटे, प्लास्टिक, तळ्याकाठच्या घोड्यांची लीद, बागेत टाकलेले खत, असे उन्हाळाभर साचलेले सगळे पहिल्या दोन-चार सरींत ओढ्यात उतरते. पण या सर्वांहून मोठा ऐवज असतो मातीचा. बांधकामासाठी डोंगराची कूस कापली, माती मोकळी करून बाजूला ढीग घातला आणि तशातच मृग लागला, तर ती लाल माती थेट प्रवाहात जाते. तिच्यामुळे पाणी गढूळ होते, तळ भरतो, जलाशयाची साठवण घटते. वेण्णा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती अप्पासाहेब महाराजांनी बांधला. महाबळेश्वर आजही त्याचेच पाणी पिते. त्याच्या गाळाची चर्चा गावात अधूनमधून होते, गाळ काढण्याची मागणीही होते. गाळ येतो कुठून, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत क्वचितच शिरतो.

आता कायदा वाचू. वाङ्मयाच्या वाचकाला कायदा वाचण्याचा कंटाळा असतो. पण त्यातही शब्दांची निवड असते आणि निवडीत दृष्टी असते. १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंध कायदा घ्या. त्यातली प्रदूषणाची व्याख्या चांगली ऐसपैस आहे. पाण्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष मिसळलेला कोणताही द्रव, वायू किंवा घन पदार्थ, जर त्याने उपद्रव होत असेल तर, तिच्यात बसतो. म्हणजे वाहून आलेली मातीही बसते. पण व्याख्येतून अंमलाकडे येताना कायदा आक्रसतो. कलम २५ नुसार मंडळाची संमती लागते ती सांडपाणी किंवा कारखान्याचे दूषित पाणी सोडण्यासाठी. पाऊस कोणी सोडत नाही. कलम २४ प्रदूषक द्रव्य प्रवाहात जाऊ देण्यास मनाई करते, पण ‘जाणूनबुजून’ ही अट घालून. पाच वेगवेगळ्या मालकांच्या पाच भूखंडांवरची माती एका ओघळीत मिसळून वेण्णेत गेली, तर ते जाणूनबुजून कोणी केले? प्रत्येकाने फक्त पाया खणला. या एका शब्दाने उतारावरचे सगळे प्रदूषण निनावी करून टाकले आहे.

१७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने महाबळेश्वर-पाचगणी हे १२३.९६ चौरस किलोमीटरचे क्षेत्र पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील ठरवले. तिच्याबद्दल आदराने बोलले पाहिजे. तिच्यात झरे आहेत, भूजल आहे, तीव्र उतार आहेत, सांडपाणी आणि घनकचराही आहे. झऱ्यांच्या पाणलोटाकडे लक्ष वेधणारा शासकीय मजकूर त्या काळी फार नव्हता. तरीही ती विषयवार कप्पे करते: झरे एका परिच्छेदात, उतार दुसऱ्यात, सांडपाणी तिसऱ्यात. डोंगरावर मात्र हे तिन्ही एकच असतात. उतारावर पडलेला थेंब खाली गेला तर झरा होतो, वरून गेला तर गढूळ लोंढा होतो, आणि तो कुठे जाणार हे त्या भूखंडावर काय बांधले त्यावर ठरते. हा सांधा अधिसूचनेने आराखड्यावर सोडला. आराखडे मात्र प्रामुख्याने जमिनीच्या वापराचे रंग भरतात.

२००६ ची पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना इमारतींना पकडते ती २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे. पुण्या-मुंबईच्या संकुलांसाठी हा आकडा असेल. पठारावरच्या बंगल्यांच्या आणि मध्यम हॉटेलांच्या तो कितीतरी डोक्यावरून जातो. महाराष्ट्राने २००० मध्ये नदी नियंत्रण क्षेत्राचे धोरण आणले, २००९ मध्ये ते सुधारले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्दच केले. त्याच्या रद्द होण्याचे दुःख पुष्कळांनी केले, आणि ते रास्त होते. परंतु तेही धोरण मुख्यतः नदीपासून कोणता कारखाना किती अंतरावर असावा, याचेच होते. पुन्हा नळाचे तोंड. डिसेंबर २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली तर गिरिस्थान नगरपरिषदा आणि संवेदनशील क्षेत्रे वगळूनच लागू झाली. कारण समजण्यासारखे आहे, तिथे वेगळे नियम हवेत. पण वेगळे म्हणजे अधिक बारीक, हे गृहीत धरता येत नाही.

यावर हमखास उत्तर मिळते, ‘पाऊसपाणी संकलन सक्तीचे आहे की!’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. संकलनाचा नियम शहरासाठी जन्मला, पाण्याच्या टंचाईतून. तो छताचे पाणी टाकीत किंवा शोषखड्ड्यात घालतो. अंगण, चढणीचा रस्ता, वाहनतळ, कापलेली कड यांच्याविषयी तो बहुधा गप्प असतो, आणि पाण्याच्या शुद्धतेविषयी तर असतोच. शिवाय डोंगरावर शोषखड्डा कुठेही खणता येत नाही. उतारावर, चिकणमातीच्या थराच्या वर, एकाच जागी पाणी कोंबले तर जमीन सुटू शकते. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातली आंबेघर आणि मिरगाव, घाटाखालचे महाड तालुक्यातले तळिये या गावांनी दरडींत माणसे गमावली. तिथे शोषखड्डे नव्हते, अतिवृष्टी होती. पण भिजलेला डोंगर कसा वागतो, हे त्या आठवड्याने दाखवले. पठाराला पाणी पसरून मुरवणे मानवते, कोंबून नव्हे.

तसेच दुसऱ्या बाजूची अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. सांगलीचा पूर महाबळेश्वरच्या फरसबंदीमुळे आला, असे अधूनमधून ऐकू येते. कृष्णेच्या खोऱ्याचा पसारा पाहता हे टिकत नाही. पठारावरच्या बांधकामाचा परिणाम जवळचा असतो: गावाचे तळे, लिंगमळ्याकडे जाणारी वेण्णा, खालच्या वाड्यांचे झरे. तो जवळचा आहे म्हणूनच त्याला आवर घालता येण्यासारखा आहे.

अमेरिकेत हा प्रश्न पन्नास वर्षे चर्चेत आहे. तिथला १९७२ चा कायदाही आधी नळाच्या तोंडाशीच उभा होता. १९८७ च्या दुरुस्तीने पावसाचे पाणी परवान्याच्या कक्षेत आणले. १९९० च्या नियमांनी पाच एकरांहून मोठी बांधकामे धरली, १९९९ च्या नियमांनी मर्यादा एक एकरावर आणली. २००७ च्या एका कायद्याने संघ सरकारच्या पाच हजार चौरस फुटांहून मोठ्या नव्या इमारतींना अट घातली: बांधकामापूर्वी त्या जागेवर पाणी जसे मुरत आणि वाहत होते, तसेच ते शक्य तितके नंतरही राहिले पाहिजे. मला ही अट फार महत्त्वाची वाटते, कारण ती भूखंडाला त्याचा पूर्वेतिहास विचारते. सर्वच नव्या बांधकामांना असे मानक लावण्याचे काम तिथल्या पर्यावरण खात्याने २००९ मध्ये हाती घेतले आणि २०१४ मध्ये बाजूला ठेवले. बांधकाम व्यवसायाचे वजन तिथेही असतेच. तेव्हा तिकडून आदर्श आणायचा नाही, प्रश्न आणायचा.

तो प्रश्न आत्ताच विचारण्याला निमित्त आहे. सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर या चार तालुक्यांतल्या २३५ गावांत, सुमारे १,१५३ चौरस किलोमीटरवर, ‘नवीन महाबळेश्वर’ आखले जात आहे. २००१ च्या संवेदनशील क्षेत्राच्या जवळजवळ नऊ पट. नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक आहे राज्य रस्ते विकास महामंडळाची, आणि २०२४ मध्ये प्रारूप विकास योजना हरकतींसाठी आली. रस्ते बांधणाऱ्या संस्थेला पाण्याचा उतार कळत नाही असे नाही. उलट तो तिला चांगला कळतो, पण पाणी रस्त्यावरून लवकरात लवकर कसे काढून द्यायचे, या अंगाने. आपल्या भाषेतही तीच घाई आहे. वळचणीच्या पागोळ्या, पन्हळ, ओघळ, ओहळ, ओढा अशी पाण्याची सावकाश चालणारी नावे बोलीत होती. नगरपालिकेच्या कागदावर उरते ते ‘पावसाळी गटार’. गटार म्हटले की पाणी घाण ठरते, आणि घाण ठरले की ते घालवणे हेच कर्तव्य ठरते.

नव्या योजनेकडून मागायचे ते फार अवघड नाही. भूखंड कितीही लहान असो, परवानगीच्या नकाशाबरोबर त्या जमिनीवरचे पाणी आज कुठून येते, कुठे मुरते, कुठे जाते याचा एक नकाशा, आणि बांधकामानंतरचा दुसरा. ओढ्याच्या काठाला हात न लावता सोडलेली पट्टी. झाकलेल्या जमिनीच्या प्रमाणावर मर्यादा, केवळ चटईक्षेत्रावर नव्हे. आणि जून ते सप्टेंबर उघडे खोदकाम बंद. मे संपण्याआधी कापलेली कड झाकलेली, मातीचा ढीग हललेला. पूर्वी महाबळेश्वरात पावसाळ्याआधी घरांच्या भिंतींना गवताची आच्छादने बांधत. पावसापुढे भिंत उघडी ठेवायची नाही हे ज्या गावाला ठाऊक होते, त्याला उघड्या मातीबद्दलचा नियम परका वाटू नये.

खरी अडचण तपासणीची आहे. महाबळेश्वरचा हंगाम पाऊस जोरात सुरू झाला की संपतो. हॉटेले ओस पडतात, बंगल्यांचे मालक पुण्या-मुंबईत असतात, कामे थांबलेली असतात, धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नाही. जागेची पाहणी होते ती हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात, कोरड्या जमिनीवर, जेव्हा पाहण्यासारखे काही नसते. सगळे घडते ते जुलैत, आणि तेव्हा तिथे असतात फक्त खालच्या वाड्यांतली माणसे, ज्यांच्या झऱ्याला लाल पाणी येते. तेव्हा पाहणी जुलैत व्हावी, आणि लाल झालेल्या झऱ्याची त्या माणसांनी केलेली नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी पुरावा म्हणून धरली जावी, एवढी तरतूद नव्या नियमावलीत दोन ओळींत बसू शकते.