हरित कार्यालयाचे निकष आणि कोकण : एक चिकित्सा

पर्यावरणपूरक कार्यालयीन इमारतींविषयीची आपल्याकडील चर्चा बहुधा हैदराबादपासून सुरू होते. तेथील सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राचे उद्घाटन 2004 साली झाले. अमेरिकेच्या ‘लीड’ पद्धतीतील ‘प्लॅटिनम’ मानांकन त्यास लाभले. पुढे 2007 मध्ये ‘टेरी’ संस्थेने विकसित केलेली ‘गृह’ ही पद्धती राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारण्यात आली. या प्रयत्नांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. तथापि रत्नागिरीत कार्यालय बांधावयाचे झाल्यास हे आदर्श कितपत उपयोगी पडतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

हैदराबादच्या केंद्रातील वातमनोऱ्यांत पाण्याच्या शिडकाव्याने हवा थंड करून आत सोडली जाते. दख्खनच्या कोरड्या उन्हाळ्यात ही योजना उत्तम होय. कोकणात हवा मुळातच बाष्पाने भरलेली असल्याने पाण्याचे बाष्पीभवन मंदावते. तोच मनोरा येथे केवळ दमटपणा वाढवील. येथे हवी ती वाहती हवा, खोल पागोळी आणि सावली. हे सांगताना थिबा राजवाड्याच्या उतरत्या छपरांचा दाखला देण्याची प्रथा आहे. परंतु 1910 मधील ती वास्तू एका पदच्युत राजाचे निवासस्थान होती. संगणकांची उष्णता आणि वाऱ्याने उडणाऱ्या फायली यांची चिंता तिच्या रचनाकारांना नव्हती.

स्थानिक सामग्री म्हणून जांभ्याची शिफारस सर्वच करतात, आणि ती योग्य आहे. खाणीत मऊ असणारा, उघड्यावर टणक होणारा हा दगड भट्टीवाचून मिळतो. खाऱ्या हवेत लोखंडी सळ्या गंजतात, ते भय जांभ्याच्या भिंतीस नाही. परंतु चिरा येतो तो सड्यावरून. महसुली भाषेत पडीक ठरणाऱ्या या सड्यांवर पावसाळ्यात दुर्मीळ वनस्पती फुलतात. उक्षी, जांभरूण येथील कातळशिल्पेही अशाच कातळावर कोरलेली आहेत. 2022 मध्ये कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला. शेतजमीन व वनजमीन टाळून ‘निरुपयोगी’ जागी बांधणे श्रेयस्कर, असे मानणारा निकष येथे नेमका उलटा परिणाम घडवू शकतो. बांधकामापूर्वी सड्याची पाहणी करणे हा कोणत्याही गुणापेक्षा अधिक महत्त्वाचा भाग होय.

खरी उणीव पाण्याच्या बाबतीत दिसते. राष्ट्रीय इमारत संहिता देशाचे पाच हवामान-विभाग करते. त्यांत चेन्नई आणि रत्नागिरी दोन्ही ‘उष्ण-दमट’ गटात येतात. उष्णतेपुरते ते ठीक आहे. पण चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, रत्नागिरीचा 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच सरतो. 500 चौरस मीटर छपरावरून, वीस टक्के गळती धरूनही, वर्षाला 12 लाख लिटर पाणी मिळते. पन्नास कर्मचाऱ्यांच्या कार्यालयास माणशी 45 लिटर या प्रमाणे दिवसाला 2250 लिटर लागते. ऑक्टोबर ते मे या काळातील कामाचे दिवस सुमारे 170 धरले (पाच दिवसांच्या आठवड्याचा हा एक अनपेक्षित लाभ!) तर गरज पावणेचार लाख लिटरांच्या थोडी वर जाते. म्हणजे पाणी गरजेच्या तिप्पट पडते, तरीही एप्रिलमध्ये टँकर लागतो. छपराचे पाणी शोषखड्ड्यात सोडले की पर्जन्यजल-संधारणाचे गुण पदरात पडतात. सच्छिद्र जांभ्यात मुरलेले ते पाणी मात्र उतारावरून झऱ्यांवाटे निघून जाते आणि उन्हाळ्यात विहीर तळ गाठते. मानांकन देताना मुरवणे आणि साठवणे यांत भेद करावयास हवा.

चार लाख लिटरांसाठी 20 मीटर लांब, 10 मीटर रुंद आणि 2 मीटर खोल टाकी लागेल. भिंतींचा चिरा जेथून काढला, त्या खाणीच्याच खड्ड्याची अशी टाकी करता येण्यासारखी आहे. केवळ तिला पाझर रोखणारे अस्तर घालावे लागेल, आणि डासांसाठी झाकणही.