दिवाणी समन्सची बजावणी : साधने नवी, गृहीतके जुनी

दिवाणी न्यायातील विलंबाची चर्चा बहुधा पडणाऱ्या तारखांपाशीच थांबते. प्रत्यक्षात कित्येक दावे प्रतिवादीवर समन्स बजावण्याच्या टप्प्यावरच अडकून पडतात. 'पत्ता अपुरा', 'घर बंद' अशा शेऱ्यांनिशी समन्स परत येते आणि दाव्याला पुढील तारीख मिळते. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेच्या आधुनिकीकरणाची चिकित्सा केली आहे.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील १९९९ व २००२ च्या दुरुस्त्या १ जुलै २००२ पासून अमलात आल्या. आदेश ५, नियम ९ अन्वये बेलिफाबरोबरच नोंदणीकृत टपाल, स्पीड पोस्ट, न्यायालयमान्य कुरिअर, फॅक्स व ई-मेल यांना मान्यता मिळाली. नियम ९-अ अन्वये न्यायालयाच्या परवानगीने वादीही स्वतः बजावणी करू शकतो. १० जुलै २०२० रोजी, कोविडच्या काळात, सर्वोच्च न्यायालयाने व्हॉट्सअ‍ॅपसारख्या संदेशसेवांनाही अनुमती दिली. मात्र त्याच दिवशी ई-मेलही पाठविण्याची अट घातली.

साधने अशी वाढत गेली, तरी 'पाठविले' आणि 'मिळाले' यांतील अंतर कायद्याने गृहीतकानेच भरून काढले आहे. समन्स योग्य पत्त्यावर पोचदेय नोंदणीकृत टपालाने रीतसर पाठविले असेल आणि पोचपावती ३० दिवसांत न्यायालयाकडे आली नसेल, तरी बजावणी झाल्याचे जाहीर केले जाते. समन्स चुकविणाऱ्या प्रतिवादीला असा आळा घालणे आवश्यकच आहे. परंतु दार मुद्दाम न उघडणारा प्रतिवादी आणि ऊसतोडणीसाठी बीड जिल्ह्यातून बाहेर गेलेला मजूर या दोघांत हे गृहीतक भेद करीत नाही. दुसऱ्याच्या बाबतीत एकतर्फी हुकूमनामा म्हणजे जमीन वा घर बाजू न मांडताच गमावणे होय.

आदेश ९, नियम १३ अन्वये असा हुकूमनामा रद्द करून घेता येतो, हे खरे. समन्स रीतसर बजावले गेले नसल्यास मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद १२३ प्रमाणे ३० दिवसांची मुदत हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजली जाते. तथापि, बजावणी झाली नाही हे दाखविण्याचा भार अर्जदारावरच येतो. शिवाय हुकूमनामा रद्द झाल्यास दावा पुन्हा सुरू होतो. घाईने वाचविलेला वेळ तेथेच खर्ची पडतो.

तंत्रज्ञानाने हा प्रश्न आपोआप सुटत नाही. ई-कोर्ट्स प्रकल्पातील एनस्टेप प्रणालीमुळे बेलिफ कोणत्या स्थळी होता याची नोंद मिळते. खोट्या अहवालांना त्यामुळे आळा बसू शकतो. मात्र कागद नेमका कोणाच्या हाती पडला, हे स्थाननोंदीवरून ठरत नाही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका दरखास्तीच्या प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवरील निळ्या खुणांच्या आधारे नोटीस मिळाल्याचे मान्य केले. तेथे संदेश उघडला गेल्याचा पुरावा होता. केवळ संदेश पाठविल्याच्या नोंदीला तोच दर्जा देता येणार नाही.

म्हणून साधनांची निवड प्रतिवादीच्या स्थितीनुसार व्हावी. कंपन्या, बँका व शासकीय कार्यालये यांच्यासाठी नोंदविलेला ई-मेल हीच प्रमुख पद्धत असावी. व्यक्तींच्या बाबतीत इलेक्ट्रॉनिक बजावणी पूरक राहावी आणि समन्ससोबत दाव्याचा मराठी गोषवारा असावा. एकतर्फी सुनावणीचा आदेश देण्यापूर्वी प्रतिवादीला दाव्याची माहिती मिळाली असे न्यायालयाने कशावरून मानले, याची कारणे लेखी नमूद व्हावीत. बजावणीचा हेतू दावा पुढे सरकविणे एवढाच नसून दुसरी बाजू ऐकणे हा आहे. आधुनिकीकरणाचे मोजमापही त्याच कसोटीवर व्हावयास हवे.