जनुकीय पिकांचे धोरण आणि समाज : एक समीक्षा

प्रस्तावना

विज्ञान-तंत्रज्ञानविषयक धोरण हे तज्ज्ञांचे कार्यक्षेत्र असून समाजाचा संबंध केवळ त्याच्या उपयोगापुरता येतो, असा समज आपल्याकडे दृढ आहे. भारतातील जनुकीय पिकांचा इतिहास या समजास छेद देतो. समाजाने हे धोरण वेळोवेळी घडविले आहे. परंतु त्यासाठी अधिकृत व स्थायी मार्ग निर्माण झालेला नाही. बीटी वांगे (२०१०) व तणनाशकसहिष्णु कापूस (२०१९) या दोन प्रकरणांच्या आधारे या विसंगतीची समीक्षा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जनसुनावणी : स्वरूप व मर्यादा

पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ अन्वये केलेल्या १९८९ च्या नियमांनुसार जनुकीय पिकांना मान्यता देण्याचे काम केंद्रीय समितीकडे आहे. या नियमांत सार्वजनिक सुनावणीची तरतूद नाही. जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्यास समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये अनुकूलता दर्शविली. त्यानंतर तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी कारणमीमांसेसह स्थगिती जाहीर केली. अनेक राज्य शासनांचा विरोध आणि शास्त्रज्ञांमधील मतभेद ही त्यामागील प्रमुख कारणे होती.

या निर्णयाचे लोकशाहीचा विजय म्हणून स्वागत झाले, तसेच विज्ञानाचा पराभव म्हणून त्यावर टीकाही झाली. दोन्ही प्रतिक्रिया मूळ प्रश्नास बगल देतात. स्वतंत्र अभ्यासांनी जनता व शास्त्रज्ञ या दोहोंचे समाधान होईपर्यंत स्थगिती राहील, असे निर्णयात म्हटले होते. हे समाधान कोणी, केव्हा व कोणत्या निकषांवर मोजावयाचे, याची व्यवस्था मात्र झाली नाही. सुनावणी ही एका मंत्र्याची इच्छा होती, नागरिकांचा हक्क नव्हे. त्याच वर्षी समितीच्या नावातील ‘मान्यता’ हा शब्द जाऊन ‘मूल्यमापन’ हा शब्द आला. नाव बदलले, परंतु लोकांना स्थान मिळाले नाही. २०१३ साली लोकसभेत मांडलेले जैवतंत्रज्ञान नियामक प्राधिकरणाचे विधेयकही पुढे व्यपगत झाले.

शेतातून घडणारे धोरण

अधिकृत दार बंद असले की समाज आडवाटेने धोरणात शिरतो. २००१ मध्ये गुजरातेत मान्यतेविना बीटी कापूस आढळला आणि मार्च २००२ मध्ये बीटी कापसास रीतसर मान्यता मिळाली. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने मान्यता नसलेल्या तणनाशकसहिष्णु कापसाची जाहीर लागवड करून कायदेभंग केला. निंदणीचा वाढता खर्च व मजुरांची टंचाई ही शेतकऱ्यांची अडचण खरी होती. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य ही त्यांची मागणीही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

तथापि निंदणी हे प्रामुख्याने शेतमजूर स्त्रियांचे काम आहे. शेतकऱ्यासाठी जो खर्च, तीच त्यांची मजुरी होय. त्यांच्या रोजगाराचा प्रश्न ना जैवसुरक्षेच्या चाचणीत बसतो, ना निवडस्वातंत्र्याच्या घोषणेत. म्हणून ‘समाजाचा सहभाग’ असे म्हणताना कोणता समाज, हे विचारणे अपरिहार्य ठरते. संघटित आवाज मोठा असतो. परंतु तो सर्वांचा असतोच असे नाही.

निष्कर्ष

जनुकीय मोहरीच्या खटल्यात २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला. मात्र संबंधित घटकांशी विचारविनिमय करून राष्ट्रीय धोरण आखावे, याबाबत त्यांचे एकमत होते. दरम्यान, मार्च २०२२ मध्ये परकीय जनुक नसलेल्या काही प्रकारच्या जनुक-संपादित वनस्पतींना १९८९ च्या नियमांतील महत्त्वाच्या तरतुदींतून कार्यालयीन आदेशाने सूट देण्यात आली. वैज्ञानिकदृष्ट्या ही सूट समर्थनीय असू शकेल. परंतु बियाण्यांवरील मालकी, किंमत व रोजगार हे प्रश्न त्यामुळे सुटत नाहीत.

जोखमीचे मोजमाप शास्त्रज्ञांनी करावे, हे योग्यच आहे. ती जोखीम कोणी व कशासाठी पत्करावी, हा मात्र सामाजिक निर्णय आहे. तो घेण्यासाठी कायद्याने बांधलेली, नियमित आणि दुर्बल घटकांना स्थान देणारी सुनावणी आवश्यक आहे. तिच्या अभावी धोरण मंत्र्याच्या मर्जीवर, न्यायालयाच्या तारखांवर आणि चोरट्या बियाण्यांच्या बाजारावरच अवलंबून राहील.