‘पडीक’ कोणी ठरवले?

भूमिसंसाधन विभाग आणि राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांनी 2019 साली ‘भारताचा पडीक जमीन नकाशासंग्रह’ काढला. त्यानुसार देशातील 5 कोटी 57 लाख हेक्टर, म्हणजे सुमारे 17 टक्के भूमी पडीक आहे. हा संग्रह मी एखादा ग्रंथ वाचावा तसा वाचला. माझा आक्षेप त्यातील मोजणीवर नाही, एका शब्दावर आहे.

मोजणीची पद्धत चोख आहे. ‘लिस-तीन’ संवेदक 23.5 मीटरच्या चौकटीत हिरवा, लाल आणि दोन अवरक्त पट्टे टिपतो. हिरवे पान लाल प्रकाश शोषते आणि निकटचा अवरक्त परावर्तित करते. वाळलेले गवत मात्र उघड्या मातीसारखे दिसू लागते. म्हणूनच संग्रहासाठी तिन्ही हंगामांच्या प्रतिमा घेतल्या जातात. याचा अर्थ, माळ पावसाळ्यात हिरवा होतो हे यंत्राला दिसलेले असते. चूक पाहण्यात नाही, नाव देण्यात आहे.

हे नाव महसुली दप्तरातून आले. इंग्रजी अमदानीत जी जमीन सारा देत नसे, ती ‘पड’. उपग्रहाने नवी नजर दिली, पण वर्गवारी जुनीच राहिली. तिच्या 23 प्रकारांत खाजणाऱ्या, क्षारपड, घळींनी चिरलेल्या जमिनी आहेत. त्या खरोखर बिघडलेल्या असतात. पण त्याच यादीत झुडपी माळही आहेत आणि बर्फाच्छादित प्रदेशही! हिमनद्या जर पडीक, तर गंगा कुठून येते, हा प्रश्न शाळकरी मुलगाही विचारील.

सोलापूरकडच्या माळांवर माळढोक, लांडगा, चिंकारा यांचा वावर. फलटणकडचे धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरतात, भातखाचरांत मेंढ्या बसवतात आणि पावसाळ्यासाठी पुन्हा याच माळांवर परततात. या चराईची नोंद कोणत्याही पट्ट्यात उमटत नाही. कागदावर मात्र ‘पडीक’ लागले की वृक्षलागवड आणि सौरप्रकल्प यांना हीच जमीन आधी सुचवली जाते. माळावर झाडे लावणे हे पुण्यकर्म वाटते; गवतावर जगणाऱ्यांची त्यात गच्छंती होते.

तंत्रज्ञान हाच दोषी, असे म्हणणे मला मान्य नाही. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी 2023 साली उपग्रह-प्रतिमांच्याच आधारे देशातील निमशुष्क ‘खुल्या नैसर्गिक परिसंस्थां’चा नकाशा मांडला. आकाशातून पाहणे तेच, पण प्रश्न वेगळा विचारला, म्हणून उत्तरही वेगळे मिळाले.

पुढील आवृत्तीत निदान दोन रकाने वेगळे करावेत: ‘बिघडलेली जमीन’ आणि ‘निसर्गतःच उघडी जमीन’. आणि दुसऱ्या रकान्यापुढे, तिथे कोण कोणत्या महिन्यांत चारतो, हे गावात विचारून लिहावे.